भीमेचं पाणी पुढं कुठं जातं?

सातवीच्या वर्गात नद्यांचा धडा संपत आला होता. फळ्यावर भीमा काढून झाली होती: भीमाशंकरला उगम, मग उजनी, पंढरपूर, आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या कडेकडेनं कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला कृष्णेशी संगम, आणि आंध्रात हंसलदीवीजवळ कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. मी खडू ठेवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मग पुढं कुठं जातंय ते पाणी?"

नदी समुद्राला 'मिळते' असं म्हणून आपण नकाशा गुंडाळतो. पलीकडे एक मोठा हौद आहे आणि त्यात पडलं की पाण्याचा प्रवास संपला, असंच मनात असतं. सोलापूरकरांना समुद्र तसाही लांब. अरबी समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, बंगालचा उपसागर त्याच्या दुप्पट. पण किनाऱ्यालगतचं पाणी एका जागी थांबत नाही. तिथंही खाऱ्या पाण्याच्या रुंद नद्या वाहतात. त्यांना काठ एकच असतो, तो म्हणजे किनारा, आणि आपल्याकडे वर्षातून दोनदा त्या दिशा बदलतात. समुद्रविज्ञानात त्यांना किनारी प्रवाह म्हणतात. हे प्रवाह संगणकावर कसे उभे करतात आणि समुद्रातलं जगणं त्यांच्यावर कसं टेकलेलं असतं, हे त्या मुलीला नीट सांगता यावं म्हणून मी वाचत गेलो. हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर.

आधी एक घोळ मिटवू. भरती-ओहोटीचं पाणी झोपाळ्यासारखं पुढे येतं, मागे जातं. हेलकावा मोठा, पण दिवसाअखेर पाणी जवळपास होतं तिथंच. किनारी प्रवाह बहुधा सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर एवढाच चालतो, कधी याहून जास्त. माणूस रमतगमत चालतो त्यापेक्षाही सावकाश. पण तो आठवडेच्या आठवडे एकाच दिशेनं जातो. सेकंदाला 30 सेंटिमीटर म्हणजे दिवसाला जवळपास 26 किलोमीटर, महिन्याला पावणेआठशे.

तो चालतो कशानं? पहिलं उत्तर वारा, आणि ते अर्धंच खरं आहे. नॉर्वेच्या नान्सेननं 1893 साली आपलं 'फ्राम' जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेतलं आणि 1896 पर्यंत ते बर्फाबरोबर वाहू दिलं. त्याच्या लक्षात आलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेनं सरळ सरकत नाही, त्याच्या उजवीकडे 20 ते 40 अंशांनी कलतो. स्वीडनच्या एकमननं 1905 मध्ये याचं गणित मांडलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात चालत्या पाण्याला उजवीकडे ओढ लागते. वरचा थर खालच्या थराला ओढतो, तो आणखी उजवीकडे वळतो, त्याच्या खालचा आणखी. सगळ्या थरांची बेरीज केली की पाणी वाऱ्याच्या काटकोनात, उजव्या हाताला सरकलेलं दिसतं.

वर्गात हे मी मुलांना उभं करून दाखवतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ वळतो आणि वायव्येकडून, किनारा धरून दक्षिणेकडे वाहू लागतो. वारा पाठीवर घेऊन दक्षिणेकडे तोंड करा. उजवा हात कुठं आला? पश्चिमेला, खोल समुद्राकडे. म्हणजे वरचं पाणी किनारा सोडून बाहेर जातं. त्याची जागा रिकामी राहू शकत नाही, ती भरायला खालचं थंड पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पावसाळाभर हे चालतं. हे वर येणारं पाणी लक्षात असू द्या, मासे तिथंच येणार आहेत.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. वाराही तिकडेच जातो, म्हणून पटतं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हाच प्रवाह उलटा, केरळकडून गोव्याकडे आणि आणखी उत्तरेला जातो. किनाऱ्यावरचा वारा मात्र तेव्हाही उत्तरेकडूनच येत असतो. म्हणजे प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर चालतो. गोव्याच्या दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. तिथल्या संशोधकांनी बोटीतून जाऊन मोजमापं घेतली, प्रवाह खरोखरच उलटा निघाला. मग त्याला ढकलतंय कोण?

उत्तर सापडलं बंगालच्या उपसागरात. तिथं वारा बदलला की किनाऱ्यालगत पाण्याची पातळी थोडी चढते किंवा उतरते, आणि हा चढउतार लाट बनून किनाऱ्याकिनाऱ्यानं निघतो. या लाटांना केल्विन लाटा म्हणतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत. पृष्ठभागावर फरक काही सेंटिमीटरांचा असतो, पण आत, जिथं वरचं उबदार पाणी संपून खालचं गार पाणी सुरू होतं, ती पातळी कित्येक मीटर वरखाली होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे या लाटा उत्तर गोलार्धात किनारा कायम उजव्या हाताला ठेवूनच चालतात.

उजव्या हाताला ठेवून चालणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ती प्रदक्षिणा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना जातात, नगर प्रदक्षिणा घालतात. तशीच ही लाट आंध्रच्या किनाऱ्यानं खाली उतरते, तमिळनाडू आणि श्रीलंकेला वळसा घालते, कन्याकुमारीच्या बाजूनं वर चढते आणि केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण अशी जाते. वेग दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. विशाखापट्टणमसमोर वाऱ्यानं केलेला बदल काही आठवड्यांत रत्नागिरीसमोरच्या पाण्याला जाणवतो. याला उपसागरातून वळून आलेल्या कमी खाऱ्या, म्हणून हलक्या पाण्याचीही जोड मिळते. ते दक्षिणेकडे थोडं फुगून राहतं आणि प्रवाहाला उत्तरेकडे उतार मिळतो.

बोटीवरून हे कोडं सुटलं नसतं. बोट एका दिवशी एका ठिकाणी असते, आणि उपसागरातला वारा बंद करून बघणं कुणाच्या हातात नाही. संगणकात ते करता येतं. 1990च्या दशकात समुद्राची मॉडेलं वापरून संशोधकांनी नेमकं हेच केलं: फक्त उपसागरावरचा वारा चालू ठेवला, बाकीचा थांबवला आणि पश्चिम किनाऱ्यावर काय उरतं ते पाहिलं. गोव्याच्या संस्थेतले सतीश शेट्ये आणि डी. शंकर यांची या विषयातली कामं पायाभूत मानली जातात. मॉडेलचा खरा उपयोग मला इथं कळला. निसर्गात एकत्र गुंतलेली कारणं त्यात एकेक करून सोडवून पाहता येतात.

मॉडेल म्हणजे नेमकं काय, हे समजावायला सोलापूरच्या माणसाला लांब जायची गरज नाही. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाईनचे ग्राफ काढत. चौकटीच्या कागदावर मोर काढायचा. एकेक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याची एकेक गाठभेट. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं मागाच्या जेकार्डवर, म्हणजे नक्षी उतरवणाऱ्या यंत्रावर चढवायची आणि मागावर मोर उतरायचा. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, मोराचा डोळा असा चौकोनी का? त्यांनी बोटानं दाखवलं, डोळ्याच्या वाट्याला चारच चौकोन आले होते. गोल डोळा हवा तर चौकोन बारीक हवेत. मग ग्राफ वाढतो, कार्डं वाढतात, वेळ आणि पैसा वाढतो.

समुद्राचं मॉडेल हा असाच एक ग्राफ, फक्त तो खालीही जातो. किनाऱ्यालगतच्या समुद्राचे चौकोन पाडतात, समजा एकेक किलोमीटरचे, आणि प्रत्येक चौकोनाखाली तळापर्यंत वीस-चाळीस थर. किनाऱ्याजवळ तळ उथळ, पुढे भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा हा उथळ तळ संपला की एकदम खोल. म्हणून बऱ्याच किनारी मॉडेलांत थर सपाट नसतात. उंचसखल गादीवर चादरी एकावर एक अंथराव्यात तसे ते तळाच्या वळणानं खालीवर होतात. उथळ जागी थर पातळ, खोल जागी जाड, पण संख्या सगळीकडे तीच.

प्रत्येक खणात काही आकडे भरलेले असतात: तापमान, खारटपणा, पाणी कोणत्या दिशेला किती वेगानं चाललंय, वर पातळी किती. मग हिशेब सुरू होतो. हा हिशेब मार्केट यार्डातल्या कांद्यासारखा समजा. आवक, जावक, शिल्लक. शेजारच्या खणातून किती पाणी आलं, किती गेलं, त्याबरोबर किती मीठ आणि किती उष्णता आली-गेली. वाऱ्यानं किती ढकललं, पृथ्वीच्या फिरण्यानं किती वळवलं, तळानं किती घासलं. न्यूटनचेच नियम, वाहत्या पाण्यासाठी लिहिलेले. काही सेकंद किंवा मिनिटं पुढे जायचं आणि सगळ्या खणांचा हिशेब पुन्हा मांडायचा. असं करत महिने आणि वर्षं.

एका वेळी पुढे किती जायचं, यालाही शिस्त आहे. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी 1928 मध्ये ती सांगितली: एका टप्प्यात लाटेनं अख्खा खण ओलांडून उडी मारता कामा नये. चार हजार मीटर खोल समुद्रात सगळी खोली हलवणारी लांब लाट तासाला सुमारे 700 किलोमीटरनं धावते. एक किलोमीटरचा खण ती पाच सेकंदांत ओलांडते. म्हणजे टप्पा पाच सेकंदांपेक्षा लहान हवा, नाहीतर आकडे भरकटून मॉडेल कोसळतं. म्हणून पुष्कळ मॉडेलांत या वेगवान लाटांचा हिशेब छोट्या टप्प्यांनी वेगळा करतात आणि बाकीचा सावकाश चालवतात. खण निम्मे केले तर लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि टप्पेही दुप्पट, म्हणजे काम आठपट. मोराचा डोळा गोल करण्याची ही किंमत.

चौकोनापेक्षा बारीक नक्षी जशी चादरीत उतरत नाही, तसे खणापेक्षा लहान भोवरे मॉडेलला दिसत नाहीत. त्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी आत घालावा लागतो आणि चुका तिथूनच शिरतात. म्हणून मॉडेलला सतत खऱ्या समुद्राशी ताडून पाहतात. उपग्रह वरून तापमान, पातळी आणि पाण्याचा रंग मोजतात. जगभरच्या समुद्रांत जवळपास चार हजार आर्गो तरंगक सोडलेले आहेत. ते साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात आणि वाटेतलं तापमान, खारटपणा उपग्रहाला कळवतात. भारताचं हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे इन्कॉइसमध्ये चालतं. आपल्यासारखंच दख्खनच्या पठारावरचं हैदराबाद, सोलापूरपासून तीनशे किलोमीटरवर, आणि देशभरच्या कोळ्यांना लाटांचे आणि प्रवाहांचे अंदाज तिथून जातात.

आता मासे. पण माशांच्या आधी उजनी. उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर कधी गेला असाल तर काठाचं हिरवं पाणी पाहिलं असेल. ओंजळीत घेतलं तर बोटांना हिरवा बुळबुळीत थर लागतो. वरच्या शहरांच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, ऊन भरपूर, पाणी संथ. सूक्ष्म शेवाळाला आणखी काय हवं? समुद्रातही हेच जीव आहेत, त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. डोळ्याला एकेकटा दिसणार नाही एवढा लहान जीव, पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं जवळपास निम्मं काम समुद्रातले हे जीव करतात.

समुद्राची अडचण उजनीच्या उलट आहे. ऊन वरच्या थरात, खत खाली. मेलेले जीव आणि विष्ठा खाली बुडत जातात, कुजतात, आणि नायट्रेट अंधारात साठून राहतं. वर ऊन आहे पण जमीन नापीक. म्हणून जिथं तळचं पाणी वर येतं तिथंच समुद्र पिकतो. दक्षिणेकडे तोंड करून उजवा हात दाखवला, तीच ही जागा. केरळ-कर्नाटकासमोर पावसाळ्यात खत वर येतं, प्लवक माजतं, आणि त्यावर तारली आणि बांगड्याचे थवे वाढतात.

हे मॉडेलमध्ये घालायचं कसं? प्रत्येक खणात आणखी चार खाती उघडायची: विरघळलेलं खत, वनस्पती प्लवक, त्यांना खाणारं प्राणी प्लवक, आणि मेलेला गाळ. चारही खात्यांचं चलन एकच, नायट्रोजन. हे चालतं, कारण समुद्रातल्या प्लवकात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण सरासरी 106, 16 आणि 1 असं बऱ्यापैकी ठरलेलं असतं. अमेरिकेच्या रेडफिल्डनं 1934 मध्ये हे दाखवायला सुरुवात केली. एकाचा हिशेब लागला की दुसऱ्याचा अंदाज येतो. ऊन आणि खत असेल तर नायट्रोजन पहिल्या खात्यातून दुसऱ्यात जातो, खाल्लं गेलं की तिसऱ्यात, मेलं की चौथ्यात, कुजलं की परत पहिल्यात. गॉर्डन रायलीनं 1946 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जॉर्जेस बँकेसाठी असं गणित मांडलं, तेव्हा संगणक हाताशी नव्हता. आजची मॉडेलं हीच खाती वाहत्या पाण्यावर चढवतात. प्रवाह चुकला की खातीही चुकतात, कारण प्लवकाला स्वतःच्या मर्जीनं जाता येत नाही. पाणी नेईल तिकडं ते जातं.

याच हिशेबात एक काळजीची नोंद आहे. वर येणारं पाणी खत घेऊन येतं, पण त्यात प्राणवायू कमी असतो. त्यात पावसाचं आणि कोकणातल्या नद्यांचं गोडं पाणी वर पातळ झाकणासारखं बसतं, हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. खाली मेलेलं प्लवक कुजतं आणि उरलासुरलाही संपवतं. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम भूखंडमंचावर तळाजवळ प्राणवायू जवळपास संपतो. हे निसर्गात आधीपासून आहे, पण माणसानं ओतलेलं खत आणि तापतं पाणी ते वाढवतील का, हा आजचा मोठा प्रश्न आहे. मला तो उजनीइतकाच जवळचा वाटतो.

मासा मात्र मॉडेलला पूर्ण सापडत नाही. तो पोहतो, पळतो, थवा करतो. इन्कॉइस उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून मासे कुठं मिळण्याची शक्यता जास्त, ते कोळ्यांना कळवतं. जाळ्यात किती येतील ते सांगत नाही, आणि तसं न सांगणंच प्रामाणिक आहे.

पाण्यावर तरंगणाऱ्या निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मॉडेल जास्त भरवशाचं. 25 मे 2025 रोजी एमएससी एल्सा-3 हे मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं. त्यावर सहाशेहून अधिक कंटेनर होते. त्यातले वाहून आलेले कंटेनर आणि प्लास्टिकचे बारीक दाणे कुठं लागले? आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम. बहुतेक सगळं दक्षिणेकडे. मोसमी पाऊस तेव्हा नुकताच पोचला होता आणि प्रवाह दक्षिणेकडे होता. अशा वेळी मॉडेलात एक नाही, शेकडो कण सोडतात, प्रत्येकाला वारा-प्रवाह थोडा वेगळा देतात, आणि कण जिथं दाटतात तिथं शोधपथकं पाठवायची. बुडालेल्या होडीतली माणसं शोधायलाही हीच पद्धत वापरतात.

मग भीमेचं पाणी? दुष्काळी वर्षी त्यातलं समुद्राला फारसं मिळतच नाही. श्रीशैलम, नागार्जुनसागर, मधले कालवे, सगळ्यांची तहान आधी. पण ऑक्टोबर 2020 आठवा. पंढरपुरात, अक्कलकोटकडे भीमेला पूर आला होता, आणि त्याच महिन्यात विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजमधूनही मोठा विसर्ग चालू होता. त्यातला काही वाटा समुद्रात पोचलाच. आणि ऑक्टोबर हाच तो महिना, जेव्हा पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो. हिवाळ्यात तो उपसागराचं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळसमोर आणतो. त्यात मुख्य हिस्सा गंगा-ब्रह्मपुत्रेचा, आपला अगदी थोडा. मॉडेलमध्ये नदीच्या मुखाशी खोटा रंग सोडून हे पाहता येतं. रंग समुद्रात नसतो, फक्त आकड्यांत असतो, आणि तो कुठवर पसरला ते थेट दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी भारताचा कोरा नकाशा वर्गात वाटला. हंसलदीवीपासून केरळपर्यंत साधारण सतराशे किलोमीटर धरले. दिवसाला 26 किलोमीटर, म्हणजे 65 दिवस. मुलांनी भागाकार केला, ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजलं आणि डिसेंबरचा तिसरा आठवडा आला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं पेन्सिल श्रीलंकेभोवती वळवली, कोचीपर्यंत आणली, मग हिवाळ्याचा प्रवाह उत्तरेला जातो म्हणून मंगळूर, कारवार, गोवा अशी वर नेली. रेघ कोकणाकडे यायला लागली तशी ती थांबली. बोटानं तिथून भीमाशंकरपर्यंतचं अंतर मोजलं.

"सर, हे तर निघालं तिथंच आलं." मग वाऱ्याचा तक्ता पुन्हा बघून म्हणाली, "पण जूनमधी बाण उलटा काढायला लागंल की."